आभासी वास्तव : दिसणारा आणि न दिसणारा दोर

‘आभासी वास्तव’ ही संज्ञा आज संगणकाची मानली जाते. परंतु संगणकयुगापूर्वीच, १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, आन्तोनँ आर्तो या फ्रेंच नाट्यविचारवंताने ती रंगभूमीसाठी योजली होती. या माध्यमाच्या इतिहासाकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आम्हांस वाटते, ते एवढ्यासाठीच.

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवण्याचा संगणकीय पडदा लोकांसमोर आणला. डोक्याची हालचाल मोजणारा त्याचा यांत्रिक दांडा छताला जोडलेला होता. प्रेक्षकाला नवे जग दिसे, पण छताची संगत सुटत नसे. २०१६ साली ‘रिफ्ट’ आणि ‘व्हाइव्ह’ हे हेडसेट बाजारात आले, तेव्हा छत गेले होते. संगणकाला बांधणारी तार मात्र होती.

याच काळात दुसरे, न दिसणारे बंधन तयार होत होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा आहे. परंतु ‘रिफ्ट’च्या ऑक्युलस कंपनीने मे २०१५ मध्ये लिनक्ससाठीचे काम थांबवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीमव्हीआर’ची चाचणी आवृत्ती लिनक्सवर आणली, तेव्हा दार किलकिले झाले.

२०१९च्या ‘क्वेस्ट’ने तार काढून टाकली. २०२१च्या ‘एअर लिंक’मुळे संगणकावरील खेळही वायफायने त्यात दिसू लागले, पण संगणक विंडोजचाच हवा. विसंगती अशी, की ‘क्वेस्ट’मधील अँड्रॉइड स्वतःच लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे! ही उणीव ‘एएलव्हीआर’ आणि ‘वायव्हीआरएन’ या मुक्त प्रकल्पांनी भरून काढली. संगणक दोन्ही डोळ्यांसाठी चित्रे रचतो, ती आकुंचित करून वायफायने पाठवतो. हेडसेट ती उलगडतो आणि डोक्याची स्थिती उलट कळवतो. सेकंदाला ९० चित्रे दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे ११ मिलिसेकंद येतात. विलंब वाढला की घेरी येते.

हा प्रश्न केवळ हौशी खेळाडूंचा नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीतून ‘मिक्स्ड रिॲलिटी’ची सोय काढून टाकली आणि त्या आवृत्तीवर तिचे धडधाकट हेडसेट निरुपयोगी झाले. त्यांतील काही हेडसेट लिनक्सवर ‘मोनाडो’ या मुक्त प्रणालीच्या आधारे चालवता येतात, हे लक्षणीय होय. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने लिनक्सवर आधारलेला बिनतारी ‘स्टीम फ्रेम’ जाहीर केला. मुख्य प्रवाहातील एक कंपनी उलट दिशेने वळल्याचे ते चिन्ह आहे.

विकत घेतलेले पुस्तक कोणत्या दिव्याखाली वाचावे, हे प्रकाशक ठरवीत नाही. वाचकाचे हे स्वातंत्र्य आपण इतके गृहीत धरले आहे, की ते कधी मागावे लागेल असे वाटलेच नव्हते. नव्या माध्यमाचा रसिक ते मागत आहे. छताचा दांडा आणि तार यांपेक्षा हा तिसरा दोर सोडवणे कठीण. कारण तो डोळ्यांना दिसत नाही.