दुसऱ्या टोकाची खोली

मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाजवळ न जाता दृक्‌श्राव्य साधनांच्या आधारे त्याची तपासणी करणे आणि उपचार ठरवणे, या पद्धतीला दूरमनोपचार किंवा रूढ शब्दात टेलिसायकियाट्री म्हणतात. मोबाइलच्या काळात ही कल्पना नवी वाटत असली, तरी तिची मुळे 1950 च्या दशकातील अमेरिकेत, नेब्रास्का या विरळ वस्तीच्या शेतीप्रधान राज्यात सापडतात. वैद्यकाच्या इतर शाखांना नाडी, छातीचे ठोके, पोटाचा स्पर्श यांवाचून पुढे सरकता येत नव्हते. मनोविकारशास्त्रात मात्र संभाषण हीच मुख्य तपासणी असते आणि बोलण्याचा वेग, मध्येच पडणारा खंड, चुकवलेली नजर हे सारे पडद्यावर दिसू शकते. म्हणूनच दूरचित्रवाणीचा उपयोग करण्यात ही शाखा सर्वांच्या पुढे राहिली.

ओमाहा येथील नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये सेसिल विट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 च्या सुमारास क्लोज्ड सर्किट दूरचित्रवाणी, म्हणजे ठरावीक खोल्यांपुरतेच प्रक्षेपण करणारी यंत्रणा, वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा तिचा हेतू उपचारांचा नसून विद्यार्थ्यांना शिकवण्याचा होता. पुढे दोन्ही बाजूंनी पाहता-बोलता येईल अशी सोय झाल्यावर रुग्णांचा गट एका खोलीत आणि उपचारक दुसऱ्या खोलीत अशी समूहोपचाराची सत्रे घेण्यात आली, आणि समोरासमोरच्या सत्रांशी तुलना करता परिणामांत फारसा फरक आढळला नाही. त्यानंतर 1964 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने दिलेल्या 4,80,000 डॉलरच्या अनुदानातून ही संस्था 112 मैलांवरच्या, म्हणजे सुमारे 180 किलोमीटर दूर असलेल्या नॉरफोक येथील सरकारी मनोरुग्णालयाशी जोडली गेली. गडचिरोलीच्या रुग्णाला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जवळपास तेवढेच अंतर कापावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा परका राहत नाही.

या जोडणीत दुसऱ्या टोकालाही भिंतींचे रुग्णालय होते, परिचारिका होत्या, औषधांचे कपाट होते. फक्त तज्ज्ञ नव्हता. बोस्टनमध्येही तसेच घडले. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि लोगन विमानतळावरील दवाखाना यांच्यात 1968 मध्ये सूक्ष्मलहरींद्वारे चित्र-ध्वनी पाठवण्याची सोय झाली. हे अंतर अवघे तीन मैलांच्या आतले होते, पण वाटेतल्या बोगद्यातील वाहनांच्या कोंडीमुळे ते डॉक्टरांना जड जाई. त्या दवाखान्याचा दैनंदिन कारभार परिचारिकाच पाहत. याच रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ टॉमस ड्वायर यांनी 1973 मध्ये आपल्या अनुभवांवर लेख लिहून टेलिसायकियाट्री हा शब्द रुजवला, आणि काही रुग्णांना डॉक्टर एकाच खोलीत असण्यापेक्षा पडद्यावर असलेला अधिक सुसह्य वाटतो, असे निरीक्षणही नोंदवले. अंतर ही केवळ अडचण असते असे गृहीत धरणाऱ्यांना हे निरीक्षण आजही अवघड जाते.

दूरध्वनीची वाट मात्र वेगळी होती. लंडनमधील एका चर्चचे धर्मगुरू चॅड वारा यांनी नोव्हेंबर 1953 मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, आणि प्रत्यक्ष भेटीसाठी आलेले लोक बाहेर बसलेल्या स्वयंसेवकांशी चहा घेता घेता बोलूनच हलके होतात हे ध्यानात आल्यावर काही महिन्यांतच ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. येथे तज्ज्ञच दुय्यम ठरला. चेन्नईत 1986 मध्ये स्थापन झालेली ‘स्नेहा’ आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2012 मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ या सेवा ऐकण्याच्या याच परंपरेतल्या म्हणता येतील.

भारतात दूरमनोपचाराचा सर्वांत बोलका प्रयोग तमिळनाडूत झाला. चेन्नईची ‘स्कार्फ’ ही संस्था प्रामुख्याने छिन्नमनस्कतेवर, म्हणजे भास-संभ्रमांनी ग्रासणाऱ्या गंभीर मनोविकारावर, काम करते. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तिने किनारपट्टीवरील गावांसाठी दूरस्थ सल्ला सुरू केला, आणि 2010 मध्ये चेन्नईपासून सुमारे 400 किलोमीटरवरच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक बस धाडली. त्या बसमध्ये पडदा असलेली सल्ल्याची लहानशी खोली होती आणि तिथेच औषधांची खोलीही होती. गावात बस उभी राही, प्रशिक्षित आरोग्यसेवक रुग्णाला व नातेवाइकांना आत बसवत, चेन्नईतला डॉक्टर बोलून औषध ठरवी आणि ते औषध बसमधूनच हातात पडे. हातात पडणे हाच या रचनेचा गाभा होय, कारण गोळी मिळवण्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले असते, तर वाचलेला प्रवास फक्त डॉक्टरचा ठरला असता. शिवाय गंभीर मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा रुग्णाचा कोपर धरून हात वाकवून पाहिल्यावरच नीट कळतो. कॅमेऱ्याला हे करता येत नसल्यामुळे पडद्याच्या अलीकडे जाणता हात लागतोच.

देशातील 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांची तूट, म्हणजे गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण, निरनिराळ्या विकारांत सुमारे 70 ते 92 टक्के आढळले. तरीही दूरस्थ सल्ल्याला स्पष्ट नियमांचा आधार नव्हता. उलट 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर फोनवर औषध सांगण्याविषयी डॉक्टरांत धास्ती पसरली. ती दूर होण्यास महामारी यावी लागली. टाळेबंदी लागू झाली त्याच 25 मार्च 2020 रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, परंतु अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे दूरस्थ पद्धतीने लिहून देण्यास त्यांत मनाई होती, आणि तिचा काच मनोविकारतज्ज्ञांना अर्थातच अधिक जाणवला.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या नेतृत्वाखाली 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेत वर सांगितलेले दोन्ही प्रवाह एकत्र आले. 14416 या क्रमांकावर आलेला फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो आणि गरज भासल्यास तो तज्ज्ञाकडे सोपवतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही सोय आहे, आणि नावातला ‘मानस’ हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेला असूनही अस्सल भारतीय वाटावा, ही सरकारी नामकरणात क्वचितच साधणारी गोष्ट येथे साधली आहे. मात्र नॉरफोकचे रुग्णालय आणि पुदुक्कोट्टैची बस यांच्या जागी आता रुग्णाचे स्वतःचे घर आले आहे. त्या घरात फोन बहुधा एकच असतो, तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो, आणि बोलणारी सून असेल तर दार लावून घ्यायला दुसरी खोली असतेच असे नाही.