राईनपाड्याची अफवा आणि सरकारचे सत्य

आविष्कारस्वातंत्र्याची चर्चा निघाली की आपले विचारवंत संविधानाच्या कलम १९ पासून सुरुवात करतात. मी राईनपाड्यापासून करतो. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील या पाड्यावर जमावाने पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. ही माणसे नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर पोट भरत मुलूख पालथा घालणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही थाप त्या भागात व्हॉट्सॲपवर आधीच फिरत होती.

वृत्तपत्रांनी मोबाईलला दोष दिला. पण मोबाईलने निरोप पोचवला. टोळी म्हणजे हेच, हे गावाला कोणी शिकवले? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसे जन्मानेच चोर असतात ही थाप शिक्क्यानिशी खरी ठरवली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेतली जाई. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कोणती जमात त्या यादीत होती आणि कोणती नव्हती, ही बारीक चौकशी गावगाडा करीत नाही. पालातला माणूस म्हणजे संशयित, एवढे त्याला पुरते.

व्हॉट्सॲपवरचा निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरता कुलूपबंद असतो, कंपनीलाही तो वाचता येत नाही. म्हणून जुलै २०१८ मध्येच तिने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. उपाय तोकडा, पण मला तो प्रामाणिक वाटतो. त्यात कोणाचे तोंड बंद होत नाही आणि खरेखोटे ठरवणारा पाटीलही नेमावा लागत नाही. बाकीच्या माध्यमांत काय राहील आणि काय पुसले जाईल, हे मालक ठरवतो. आपल्याला हे नवे नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने छापली नव्हती!

मग हा अधिकार सरकारच्या हाती द्यावा काय? २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर एका तरुणीने चार शब्द लिहिले, दुसरीने ते पसंत केले, तर पालघरला दोघींना अटक झाली. त्यात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. तरी २०२३ मध्ये केंद्राने नवा नियम आणला: सरकारी तपासणी कक्ष ज्याला खोटे म्हणेल, ते माध्यमांनी ठेवले तर त्यांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये रद्द केला.

त्या नियमाचे शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावेत. कक्षाने तपासायचे होते ते फक्त केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचे खोटे. गोसाव्याविषयीची थाप त्यात बसतच नव्हती.