मंत्रांपलीकडे मांत्रिकाला काय यावं?

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला, तेव्हा त्यातल्या मांत्रिकाला कौशल्यं अशी नव्हतीच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन पातळ पुस्तिकांत तीनच वर्गांची पात्रं होती: लढवय्ये, मॅजिक-यूजर म्हणजे मांत्रिक, आणि देवाच्या नावाने मंत्र टाकणारे क्लेरिक. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण डंजन मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात, ही या खेळाची रीत तेव्हापासूनची. आज त्यात पात्र तयार करायला बसलेल्या माणसापुढे कौशल्यांची यादी येते आणि मांत्रिक निवडणारा तिथे हमखास अडतो. मंत्र तर येतातच, मग आणखी काय शिकावं? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला खेळाने वेगवेगळी उत्तरं दिली. ती ओळीने पाहिली की एक गोष्ट ठळक होते. मांत्रिकाला खरी निवड मिळते की नाही, हे यादी किती लांब आहे किंवा गुण किती आहेत यावर ठरत आलेलं नाही. मंत्र टाकता यावा म्हणून खेळ त्याच्याकडून आधीच काय वसूल करतो, यावर ते ठरत आलं आहे.

सुरुवातीची मंत्रांची यादी पाहिली तर कौशल्यं गैरहजर नव्हती, ती मंत्रांच्या वेषात होती, असं म्हणावं लागतं. परकी लिपी वाचायला ‘रीड लँग्वेजेस’, दडून जायला ‘इन्व्हिजिबिलिटी’, कुलूप उघडायला ‘नॉक’, आणि सापळे शोधायला क्लेरिककडे ‘फाइंड ट्रॅप्स’. विशेष म्हणजे कुलूप उघडणारा चोर खेळात आला तो 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत, मंत्रानंतर. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, त्या चोराची कुलूप उघडण्याची शक्यता शंभरात 15, आणि मांत्रिकाचा ‘नॉक’ मात्र बिनचूक. कारागिराचं कसब आणि मंत्राची खात्री यांची ही गाठ सुरुवातीलाच बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही. पुढच्या आवृत्त्यांत या एकाच मंत्राचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ‘नॉक’ हा दहा मिनिटांचा विधी झाला आणि तो साधला की नाही हे मांत्रिकाच्या ‘आर्केना’ या जादूविद्येच्या कौशल्यावर, फासा टाकून ठरू लागलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तो पुन्हा झटपट आणि हमखास झाला, पण कुलूप उघडताना 300 फुटांवर ऐकू जाईल असा ठोठावण्याचा आवाज होऊ लागला. मंत्राने काम होईल, पण गुपचूप होणार नाही. गुपचूप काम हवं असेल तर हत्यारं घेऊन बसणारा चोरच लागेल. मला ही दुरुस्ती फार समजूतदार वाटते, कारण तिने मंत्राची ताकद कमी न करता कौशल्याची जागा राखली.

मंत्र असेल तर कौशल्य कशाला, हा आक्षेप इथेच येतो. त्याचं उत्तर मोजमापात आहे. 1974 च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र मिळे आणि तो टाकला की विसरला जाई. जॅक व्हान्स यांच्या 1950 च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातली ही कल्पना गायगॅक्स यांनी उचलली होती आणि ते ऋण त्यांनी उघडपणे मान्यही केलं होतं. कौशल्य मात्र वापरून संपत नाही. एक मंत्र टाकून झाल्यावर उरलेला सबंध दिवस मांत्रिकाने काय करायचं, हा प्रश्न जुन्या नियमांनी खेळाडूच्या हुशारीवर सोडला होता. त्या पद्धतीचे चाहते आजही म्हणतात की तेच बरं होतं. यादी नव्हती म्हणून बंधन नव्हतं, काय सुचेल ते करून पाहायचं आणि डंजन मास्टरने न्याय द्यायचा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि यादी आली की लोक कागदावर नसलेलं करून बघायचं सोडतात हेही खरं आहे. पण मांत्रिकाच्या बाबतीत ही मोकळीक अपुरी पडते. लढवय्याचं बळ पात्राचं असतं, खेळाडूचं नसतं. खेळाडू कितीही किरकोळ असला तरी त्याचा लढवय्या दार फोडू शकतो. मग ज्याची बुद्धी 18, म्हणजे अव्वल, आहे, ज्याने आयुष्य पोथ्यांत घालवलं आहे, त्या मांत्रिकाचं ज्ञान मात्र खेळाडूला जेवढं माहीत तेवढंच का असावं? कौशल्यांच्या यादीने मांत्रिकाला पहिली गोष्ट दिली ती ही: त्याची विद्वत्ता त्याची स्वतःची झाली.

ही देणगी हळूहळू आली. 1979 च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात फाशाने ठरणारा एक जोडधंदा होता, शेतकरी, कोळी वगैरे, पण तो निवडायचा नव्हता, नशिबाने मिळायचा. 1985 च्या ‘ओरिएंटल अॅडव्हेंचर्स’ने शस्त्रांव्यतिरिक्तच्या प्रावीण्यांची पद्धत आणली आणि 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने ती ऐच्छिक नियम म्हणून मूळ पुस्तकातच घातली. तिथे मांत्रिकाला सुरुवातीला चार जागा मिळत, लढवय्याला तीन. मांत्रिकांच्या गटात प्राचीन इतिहास, ज्योतिष, वनौषधी, प्राचीन भाषा, रत्नांना पैलू पाडणं अशी प्रावीण्यं होती आणि दुसऱ्याने टाकलेला मंत्र ओळखणारं ‘स्पेलक्राफ्ट’ होतं. यातल्या एकाचीही मंत्र टाकायला गरज नव्हती. स्पेलक्राफ्ट न घेतलेला मांत्रिकही तितकाच समर्थ होता. त्यामुळे ज्योतिष घेणारा आणि वनौषधी घेणारा असे दोन मांत्रिक खरोखर दोन वेगळी माणसं व्हायची. पद्धत ओबडधोबड होती, प्रावीण्यात फारशी वाढ होत नसे, आणि कित्येक टेबलांवर ती बाजूला ठेवली जाई. तरी मांत्रिक मंत्रांच्या बाहेर कोण आहे, हा प्रश्न तिनेच पहिल्यांदा नीट विचारला.

2000 साली तिसरी आवृत्ती आली. तोवर मूळ प्रकाशक टीएसआर ही कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली होती आणि नियमांचं काम जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी केलं. कौशल्यं आता ऐच्छिक राहिली नाहीत, खेळाच्या गाभ्यात आली, दर लेव्हलला गुण मिळू लागले आणि ते हवे तसे वाटता येऊ लागले. कागदावर मांत्रिकाला इतकं स्वातंत्र्य पूर्वी कधीच नव्हतं. पण त्याच यादीत ‘कॉन्सन्ट्रेशन’ हे कौशल्य होतं. शत्रू अंगाशी आलेला असताना त्याला वार करायची संधी न देता मंत्र टाकायचा, तर वीस बाजूंच्या फाशावर 15 अधिक मंत्राची श्रेणी एवढा आकडा गाठावा लागे. हिशेब मांडून पाहू. दहाव्या लेव्हलचा मांत्रिक, प्रकृतीमुळे मिळणारी भर 1, टाकायचा आहे पाचव्या श्रेणीचा मंत्र, म्हणजे गाठायचे 20. कॉन्सन्ट्रेशनमध्ये परवानगी असलेले सगळे 13 गुण घातले असतील, तर फाशावर 6 किंवा अधिक पुरे, यशाची शक्यता शंभरात 75. एकही गुण घातला नसेल तर 19 किंवा 20 च यायला हवे, शक्यता शंभरात 10. मंत्र टाकताना जोरदार मार बसला तर अट याहून कडक. अशा परिस्थितीत कॉन्सन्ट्रेशन न घेणं ही निवड उरत नाही, ती चूक ठरते. खेळाडू त्याला कौशल्यांवरचा कर म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

हा कर सगळ्यांना सारखा जडही नव्हता. विझर्डला, म्हणजे जुन्या मॅजिक-यूजरच्या वारसदाराला, दर लेव्हलला दोन गुण अधिक बुद्धीची भर मिळे, आणि बुद्धी हीच त्याची मुख्य शक्ती असल्याने त्याच्या हाती पाच-सहा गुण सहज येत. कॉन्सन्ट्रेशन, स्पेलक्राफ्ट आणि जादूविषयीचं ज्ञान एवढं भरूनही इतिहासाला, भूगोलाला काही उरे. पण सॉर्सरर या दुसऱ्या प्रकारच्या मांत्रिकाची जादू व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर चाले आणि क्लेरिकची अंतर्ज्ञानाच्या, गुण मात्र दोघांनाही बुद्धीवरच मोजून मिळत. बुद्धी साधारण असेल तर दर लेव्हलला दोनच गुण. त्यातला एक कॉन्सन्ट्रेशनला गेला की उरला एक. सॉर्सररने तो स्पेलक्राफ्टला दिला की संपलं, आणि लोकांना भुरळ घालणाऱ्या या पात्राच्या यादीत वाटाघाटीचं कौशल्य नव्हतंच. क्लेरिकने तो एक गुण उपचाराला द्यावा की स्वतःच्या धर्माच्या ज्ञानाला? देवळात वाढलेला पुजारी आपल्याच पंथाच्या कथांबद्दल मुका राहायचा आणि शेजारचा विझर्ड त्या सांगायचा. या कराच्या बाजूने म्हटलं जातं की लढाईच्या गदारोळात चित्त स्थिर ठेवणं हे शिकूनच येतं, मग ते कौशल्य का असू नये? शिकून येतं हे मान्य. पण जे प्रत्येकाला, सारख्याच प्रमाणात, प्रत्येक लेव्हलला शिकावंच लागतं, ते त्या व्यवसायाचंच अंग झालं. तलवार धरायला लढवय्या कौशल्याचे गुण मोजत नाही. मांत्रिकाकडूनच ते का घ्यावेत?

इथे एक बाजू अशी आहे की तिच्यापुढे माझं म्हणणं थोडं मुरडावं लागतं. काही खेळांत मंत्र हेच कौशल्य असतं. 1986 च्या ‘गर्प्स’मध्ये प्रत्येक मंत्र स्वतंत्र शिकायचा आणि त्यांची वंशावळच असते. आगीचा गोळा फेकायचा तर आधी आग पेटवणं, मग ती निर्माण करणं आणि तिला आकार देणं यायला हवं. 1987 चा ‘आर्स मॅजिका’ तर याहून पुढे गेला. गंमत अशी की त्याचे कर्ते मार्क रेन-हेगन आणि तेच जोनाथन ट्वीट, ज्यांनी पुढे तिसरी आवृत्ती घडवली. त्यात पाच क्रिया आहेत: निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताब्यात ठेवणं. आणि दहा विषय: आग, पाणी, वनस्पती, मन, शरीर वगैरे. एक क्रिया आणि एक विषय जोडला की जादू होते, म्हणजे पन्नास जोड्या. इथे मांत्रिकाचे गुण जवळजवळ सगळे जादूतच जातात, जादूचं शास्त्र आणि लॅटिन हे तर घ्यावेच लागतात, आणि तरीही निवड इतकी जिवंत असते की मनाचा जाणकार आणि वनस्पतींचा निर्माता यांच्यात साम्य शोधावं लागतं. मग वसुलीमुळे निवड मरते हे खोटं ठरतं का? नाही, पण नेमकं करावं लागतं. या खेळात कोणतीही एक गोष्ट सगळ्यांना पुरत नाही. पन्नास जोड्यांत प्रवीण होणं एका आयुष्यात शक्य नाही, म्हणून काय सोडायचं हे प्रत्येकाला ठरवावं लागतं. कॉन्सन्ट्रेशनचा दोष त्याला गुण लागत हा नव्हता. ते सगळ्यांना एकाच वाटेने नेत होतं, हा होता.

बदल झाला तो याच जागी. 2009 च्या ‘पाथफाइंडर’ने, जो तिसऱ्या आवृत्तीच्याच पायावर उभा होता, कॉन्सन्ट्रेशन यादीतून काढलं. मांत्रिकाची लेव्हल आणि त्याची मुख्य शक्ती यांवरून ते आपोआप मोजलं जाऊ लागलं. चौथ्या आवृत्तीने विझर्डला ‘आर्केना’ न मागता देऊन टाकलं आणि मग आणखी तीन कौशल्यं निवडायला सांगितली. पाचव्या आवृत्तीत मार बसल्यावर मंत्र टिकवणं ही प्रकृतीची परीक्षा झाली. विझर्डला सहांतून दोन कौशल्यं मिळाली, शिवाय पूर्वायुष्यावरून आणखी दोन. म्हणजे पूर्वी खलाशी किंवा गुन्हेगार असलेला मांत्रिक दोऱ्या, जहाजं किंवा लपाछपी जाणतो आणि त्यासाठी मंत्रांतलं काही गमावत नाही. या पद्धतीवरचा आक्षेप रास्त आहे. कौशल्य एकदा घेतलं की बहुतेक वेळा ते लेव्हलबरोबर आपसूक वाढतं, पुढे वीस लेव्हलपर्यंत निवडीचे प्रसंग फार थोडे येतात, आणि तिसऱ्या आवृत्तीत पात्र हळूहळू घडताना दिसायचं ते इथे दिसत नाही. ज्यांना दर लेव्हलला कागद पुढे घेऊन बसायला आवडायचं, त्यांचं नुकसान झालं हे नाकारता येणार नाही. पण त्या कागदावर सॉर्सररचे दोन गुण दर वेळी त्याच दोन रकान्यांत जात होते, हेही विसरून चालणार नाही. आणि पाचव्या आवृत्तीतही धर्माचं ज्ञान बुद्धीवरच मोजलं जात राहिलं, म्हणून क्लेरिकची जुनी अडचण तशीच उरली.

2024 च्या सुधारित पुस्तकात विझर्डला दुसऱ्या लेव्हलला आपल्या एका विद्येत दुप्पट प्रावीण्य मिळतं आणि ती विद्या कोणती हे तोच ठरवतो. इतिहासाचा विझर्ड आणि वैद्यकाचा विझर्ड यांतला फरक पुन्हा ठसठशीत झाला आहे. क्लेरिकलाही पहिल्या लेव्हललाच दोन वाटा दिल्या आहेत. एका वाटेने गेला तर जड चिलखत आणि युद्धाची शस्त्रं वापरता येतात. दुसरीने गेला तर एक जास्तीचा छोटा मंत्र मिळतो आणि धर्माच्या व जादूच्या ज्ञानात त्याचं अंतर्ज्ञान मिळवलं जातं, म्हणजे पुजाऱ्याला आपल्या देवाबद्दल अखेर विझर्डच्या बरोबरीने बोलता येतं. दोन्ही वाटा एकदम मिळत नाहीत, आणि मंत्र मात्र दोघांनाही सारखेच टाकता येतात.