१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि मुंबईतील कष्टकरी वर्ग : लागण व मृत्यू यांचा व्यवसायसापेक्ष विचार

प्रस्तावना :

साथीचा रोग श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही, असे सर्रास म्हटले जाते. इतिहासातील नोंदी मात्र या समजुतीस दुजोरा देत नाहीत. लागणीचा धोका आणि मृत्यूचा धोका या दोन भिन्न गोष्टी असून दोहोंचा संबंध माणसाच्या व्यवसायाशी वेगवेगळ्या प्रकारे येतो. १९१८ मधील मुंबईच्या अनुभवाच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लागणीचा मार्ग :

१० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीत होती. त्यानंतरच्या पंधरवड्यात सरकारी गोदी, पोर्ट ट्रस्ट, तारखाते, टांकसाळ, एक परदेशी बँक आणि एक कापड गिरणी येथील कर्मचारी आजारी पडले. हा क्रम बोलका आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्याची ने-आण करणारी जहाजे मुंबई बंदरात येत असत. त्यामुळे बंदराशी व गर्दीच्या कचेऱ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना रोगाने प्रथम गाठले. यात शिपाई आणि गिरणी कामगार होते, तसेच पांढरपेशे कारकूनही होते.

मृत्यूचे प्रमाण :

जूनची लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. या साथीतील दर हजारी मृत्युप्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, मुसलमानांत १९.२ आणि इतर हिंदूंत १८.९ होते. ज्यांना तत्कालीन नोंदींत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे, त्यांच्यात ते ६१.६ होते, म्हणजे युरोपियनांच्या सात पटींहून अधिक.

या तफावतीचा उलगडा केवळ लागणीच्या आधारे होत नाही. त्या वर्षी पाऊस अपुरा पडला होता आणि धान्य महागले होते. चाळीतील एका खोलीत अनेक जण राहत असल्याने रुग्णास वेगळे ठेवणे अशक्य होते. रोजंदारीवरील माणसाने अंथरूण धरले की त्या दिवसाची मजुरी बुडे आणि घरातील चूल थंडावे. विश्रांती, पोषण व शुश्रूषा हेच त्या काळी या रोगावरील खरे उपचार होते आणि नेमके तेच या वर्गाच्या आवाक्याबाहेर होते.

नोंदींची मर्यादा :

वरील आकडेवारी जात व धर्म यांनुसार आहे, व्यवसायानुसार नाही. इंग्लंडमध्ये १८५१ च्या जनगणनेपासून व्यवसायनिहाय मृत्युप्रमाण अभ्यासले जात होते. मुंबईत मात्र शासनाच्या दृष्टीने माणसाची ओळख त्याच्या कामाऐवजी त्याच्या समाजावरून ठरे. रस्ते झाडणे, मैला वाहणे ही कामे जातीने बांधलेली असल्यामुळे ६१.६ या आकड्यामागे शहर स्वच्छ ठेवणारे हात दडलेले आहेत, असे अनुमान करता येते. तथापि त्या गटात इतर मजूरही असल्याने सफाई कामगारांचे नेमके प्रमाण या आकड्यातून काढता येत नाही. स्त्रियांची स्थितीही अशीच आहे. मुंबई इलाख्यात स्त्रियांचे मृत्युप्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. आजाऱ्यांची सेवा करण्याचे काम मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येई. परंतु ते काम 'व्यवसाय' म्हणून कोणत्याही तक्त्यात आले नाही.

निष्कर्ष :

लागण कोणाला आधी होणार, हे कामाच्या जागेने बऱ्याच अंशी ठरविले. त्यातून कोण वाचणार, हे मात्र त्या कामातून मिळणाऱ्या मजुरीने, निवाऱ्याने आणि विश्रांतीच्या सवडीने ठरविले. इंग्लंडमध्ये कोविड-१९ च्या साथीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या व्यवसायनिहाय आकडेवारीत सुरक्षारक्षक व टॅक्सीचालक पुरुषांचे मृत्युप्रमाण अधिक आढळले. अशी नोंद झाली, म्हणूनच ही विषमता उघडपणे दिसू शकली. १९१८ च्या मुंबईतील सफाई कामगार आणि घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया यांच्या मृत्यूंची मोजणी झाली. परंतु ते कोणते काम करीत असताना मृत्यू पावले, याची नोंद झाली नाही. म्हणूनच साथीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने मृतांच्या संख्येबरोबर त्या तक्त्यांत नसलेल्या रकान्यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.