विडीचा कारखाना आणि कारखान्याबाहेरची विडी

लहान धंदा करणाऱ्या कोणाशीही आज बोलले, तर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते : सगळी कामे स्वतःच्या छपराखाली ठेवणे परवडत नाही. हिशेब एकाकडे, पॅकिंग दुसऱ्याकडे, माल पोचवणे तिसऱ्याकडे. याला आपण 'आउटसोर्सिंग' म्हणतो आणि ती संगणकयुगाची देणगी समजतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या एका धंद्याने ही पद्धत कित्येक दशकांपूर्वी अंगी मुरवली होती. काम बाहेर दिले की जबाबदारीही बाहेर जाते का, या प्रश्नावर हा धंदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुनःपुन्हा भांडलाही होता. तो धंदा विडीचा.

विडीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याचा नमुना ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे. ही सगळी कामे सुपात साहित्य घेऊन उंबऱ्यावर बसूनही होतात. तंबाखूचे मिश्रण, विड्या भाजण्याची भट्टी आणि बंडलावर लागणारा छाप मात्र मालकाच्या हातात राहतात. धंद्याचे नाव या तिन्हींवर चालते. मनुष्यबळ खपते ते वळण्यात. तेव्हा बाहेर काय द्यायचे आणि आत काय ठेवायचे, हे ठरवायला मालकाला कोणा सल्लागाराची गरज नव्हती.

यात सोय दोन्हीकडे होती, हे मान्य केले पाहिजे. लहान कारखानदाराला शेकडो माणसे बसवण्याइतकी जागा परवडत नसे. सोलापूर, अहमदनगर, संगमनेर या गावांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतील बायकांना चूल, मूल सांभाळून चार पैसे मिळत. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. जितक्या विड्या, तितके पैसे.

पण हिशेबात आणखी एक गोष्ट होती. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांपासून आणि विजेविना चालणाऱ्या जागेला वीस कामगारांपासून लागू होई. कायदा लागू झाला की कामाचे तास, नोंदवह्या, भरपगारी रजा हे सगळे आले. वळणारे हात कारखान्याच्या बाहेर असले, किंवा आत असूनही 'कामगार' ठरले नाहीत, तर यातले काहीच लागू होत नसे.

ही कोंडी न्यायालयात कशी उलगडत गेली, ते पाहण्यासारखे आहे. १९५८ साली मध्य प्रदेशातील सागर येथील विडी कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तिथे मालक 'सट्टेदारां'ना तंबाखू देई. सट्टेदार विड्या स्वतःच्या जागेत करून घेत किंवा मजुरांकडून वळवून आणत. हे सट्टेदार स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निकाल लागला. तो न्या. सुब्बा राव यांनी लिहिला होता.

पुढे १९६० साली नागपूरच्या एका कारखान्यातील वळणाऱ्यांचा प्रश्न आला. ते कारखान्यातच बसत, त्यांची हजेरी लागे, खराब विड्या नाकारल्या जात. ते कामगार ठरले. त्यानंतर वर्षभरात नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे प्रकरण आले. रजेचा पगार दिला नाही म्हणून मालकावर खटला भरला गेला होता. हा माणूसही कारखान्यातच बसून विड्या वळत असे. पण तो मर्जीप्रमाणे येई-जाई, पाने कापायला घरी नेई आणि अमुक इतके काम केलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नव्हते. बहुमताने तो 'कामगार' नसल्याचे ठरले. या वेळी न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. सागरच्या सट्टेदारांना कामगार न मानणाऱ्या न्यायाधीशालाच सिन्नरचा माणूस कामगार वाटला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

नागपूर आणि सिन्नर या दोन जागांतले काम जवळजवळ एकच होते. फरक पडला तो न्यायालयाने कशाकडे पाहिले यामुळे. यायचे-जायचे स्वातंत्र्य पाहिले तर वळणारा स्वतंत्र दिसतो. तयार विडीचे काय होते ते पाहिले तर तो स्वतंत्र दिसत नाही. विड्या घेऊन गेल्यावर त्यांची तपासणी होई. ज्या पसंत पडत नसत त्या बाजूला काढल्या जात. त्याला 'छाट' म्हणत. छाट किती निघणार, हे ठरवणारा माणूस मालकाचा. पाने कमी किंवा फाटकी मिळाली, तर तोटा वळणाऱ्याचा. म्हणजे काम बाहेर गेले होते, निवाडा मात्र आतच राहिला होता.

१९६४ मध्ये मद्रासकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधल्या माणसाकडेही नीट पाहिले. कच्चा माल मालकाचा, तयार विडी मालकाची, आणि कंत्राटदार म्हणवणारा स्वतःच निष्कांचन. तो मालकाचा हस्तकच आहे आणि विड्या वळणारे मालकाचेच कामगार आहेत, असे न्यायालयाने मानले. दोनच वर्षांनी, १९६६ साली, संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्यात कामगार मानले गेले आणि कंत्राटदारामागचा मूळ मालक जबाबदार धरला गेला. साहित्याचे वाटप, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी या तंट्यांसाठी या कायद्यात वेगळे कलम होते. छाट हा या धंद्याचा गाभा आहे, हे कायद्याला अखेर उमगले होते. कारखानदारांनी आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

गोष्ट तिथे संपत नाही. केरळ सरकारने १९६८ मध्ये हा कायदा अमलात आणायचे ठरवताच मंगळूरच्या बड्या विडी मालकांनी कण्णूर भागातील काम बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यातून १९६९ मध्ये 'दिनेश बीडी' ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. इतरत्र एक निराळी वाट निघाली. स्वतःच्या घरात, घरच्या माणसांसह, कोणाची नोकरी न करता विड्या करणाऱ्याला कायद्यातून वगळले होते. मग मालकाने तंबाखू आणि पाने 'विकली' आणि तयार विड्या 'विकत घेतल्या'. कागदावर कामगार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी व्यापारी उभा राहिला. पाने, तंबाखू, छाट होते तसेच राहिले.

जिथे संघटना टिकली तिथे चित्र थोडे वेगळे दिसते. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभारली. २००६ मध्ये ती घरे त्यांना मिळाली. आपण कामगार आहोत हे ओळखपत्राने सिद्ध करता येणे, हा त्यातला महत्त्वाचा धागा होता. व्यापारी ठरवल्या गेलेल्या बाईकडे ते ओळखपत्र असत नाही.

लहान धंदेवाईकाने काम बाहेर देऊ नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. घरचे शिवणकाम, लोणची-पापड, हिशेबाच्या वह्या ही कामे अशीच चालत आली आहेत आणि अनेक घरे त्यावर उभी आहेत. पण बाहेर दिलेल्या कामाच्या करारात समोरचा माणूस 'स्वतंत्र व्यावसायिक' आहे असे लिहिलेले दिसले, तर मी विडीचा जुना प्रश्न विचारून पाहतो : दर कोण ठरवतो, माल कोणाचा, आणि काम नापास झाले तर नुकसान कोणाच्या पदरात पडते? या तिन्हींची उत्तरे मालकाच्याच बाजूने निघत असतील, तर काम कितीही दूर गेले तरी कामगार त्याचाच आहे.