माणशी व्यवसाय

आजी सांगायची, आमगावकडे धानाच्या रोवणीच्या तोंडावर सावकाराच्या ओसरीत पितळी गुंड आणि चांदीचे दागिने गहाण पडायचे. धान निघाले की खंडीच्या हिशेबाने कर्ज फेडायचे; पीक बुडाले तर गहाण तिथेच राहायचे. १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, मग हळूहळू खेड्यांत शाखा निघाल्या. अशाच एका शाखेत मोठे काका कारकून म्हणून लागले. आमगाव-गोंदियाचा हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ला झाला.

काका सांगत, त्या दिवसांत शाखेचे काम मोजायचे ते किती खाती उघडली आणि किती पीककर्ज वाटले यावर. संध्याकाळी लेजर जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पण थकलेल्या कर्जाचे व्याज वसूल न होताच उत्पन्नात धरले जाई. नफा कागदावरच राही. १९९१मध्ये नरसिंहम समितीने यावर बोट ठेवले. १९९२-९३पासून न आलेले व्याज उत्पन्नात धरणे बंद झाले, बुडीत कर्जासाठी तरतूद सक्तीची झाली आणि अनेक सरकारी बँकांचा तोटा उघड झाला. हे व्हायलाच हवे होते, असे काकाही मानत.

त्यांना सलत होते ते दुसरेच. सुधारणांच्या काळात ‘माणशी व्यवसाय’ या आकड्याला महत्त्व आले: ठेवी आणि कर्जे यांची बेरीज, भागिले कर्मचारी. पाच हजारांच्या पीककर्जालाही सातबारा, जामीनदार, नोंदी आणि वसुलीची पायपीट लागतेच. राईस मिलचे एकच मोठे खाते मात्र हा आकडा झटकन वर नेते. या मापाने सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातली शाखा मागेच पडणार. २०००-०१च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखाहून अधिक कर्मचारी गेले, त्यांत काकाही होते. भाजक घटला, म्हणून आकडा वाढला.

बँकांची कार्यक्षमता मोजायला अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अधिक नेमकी साधने वापरली. ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ ही पद्धत तेवढ्याच कर्मचाऱ्यांत आणि खर्चात सर्वाधिक काम करणाऱ्या बँका शोधते आणि बाकीच्यांना त्यांच्या तुलनेत जोखते. पण ठेवी ही सामग्री मानायची की उत्पादन, एवढ्यावरूनही क्रमवारी बदलू शकते. गणितात जे घातलेच नाही, ते उत्तरात येत नाही.

नरसिंहम समितीनेच शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राचा कर्जवाटा ४० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही, शेतीचे १८ टक्क्यांचे उद्दिष्टही टिकले. तो निर्णय योग्यच होता.

जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा आढावा घेणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. माणशी व्यवसाय जरूर मोजा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: रोवणीआधी किती शेतकऱ्यांच्या हाती पीककर्ज पडले?