ईमेल सर्व्हर आणि नकाराचा अधिकार

नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आर्पानेटसाठी आरएफसी ७०६ हे छोटे टिपण लिहिले. नेटवर्कला जोडलेल्या संगणकाला येणारा प्रत्येक संदेश स्वीकारावाच लागतो, निवडक संदेश नाकारण्याची सोय नाही, हा त्यातील मुद्दा. एखादा बिघडलेला संगणक संदेशांचा मारा करू लागला, तर नेहमीच्या वापरकर्त्यांची सेवा ठप्प होईल, असा इशारा त्यांनी दिला होता.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात पाठवली. त्यावर तक्रारी झाल्या, समज दिली गेली. नेटवर्क लहान होते, तेवढ्याने भागले.

१९८२ मध्ये पोस्टेल यांनीच लिहिलेला एसएमटीपी हा प्रोटोकॉल याच विश्वासावर उभा होता. पाठवणारा जो पत्ता सांगेल तो खरा मानला जाई. दुसऱ्याचे टपाल पुढे धाडणे, म्हणजे रिले करणे, हे सौजन्य समजले जाई. १९९० च्या दशकात इंटरनेट व्यापारासाठी खुले झाले आणि जाहिरातदारांनी या सौजन्याचा गैरफायदा घेतला. शेकडो पत्त्यांची यादी जोडून एकच संदेश परक्या सर्व्हरला दिला, की पुढचा सगळा भार त्या सर्व्हरवर पडे.

मग बचावाचे उपाय आले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी आयपी पत्त्यांची काळी यादी सुरू केली. १९९८ मध्ये सेंडमेल ८.९ ने परक्यांसाठीचे रिले मुळातच बंद ठेवले. २००३ मध्ये ग्रेलिस्टिंग आले: अनोळखी सर्व्हरला आधी तात्पुरता नकार द्यायचा. नियम पाळणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. घाऊक स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम तेव्हा सहसा परतत नसत. एका पत्त्यावरून ठरावीक वेळात किती जोडण्या घ्यायच्या, यावरही मर्यादा आल्या.

या उपायांची किंमत निरपराधांनाही मोजावी लागते. काळ्या यादीत पत्त्यांचा अख्खा पट्टा गेला, तर शेजारच्या प्रामाणिक सर्व्हरचे टपालही अडते. म्हणून नकार कसा दिला जातो, हे महत्त्वाचे. ४ ने सुरू होणारा प्रतिसाद-कोड 'नंतर प्रयत्न करा' सांगतो, ५ ने सुरू होणारा 'स्वीकारणार नाही' असे सांगतो. दोन्हींत पाठवणाऱ्याला निदान कळते. संदेश स्वीकारून गुपचूप टाकून दिला, तर पाठवणाऱ्याला तो पोचला असे वाटते आणि घेणाऱ्याला तो आल्याचेच कळत नाही. सर्व्हरला नकाराचा अधिकार हवाच. पण तो नकार समोरच्याला कळवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे.